बंडीला बांधलेलं इंजिन

इंजिन चार मिनिटं चाललं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं होतं म्हणून एवढं नक्की सांगतोय. चार मिनिटं आणि वर काही सेकंद. मग ते एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि गप झालं. पंखा दोन-तीन गिरक्या मारून थांबला. आंब्याच्या झाडावरचे पोपट परत आले. काका बंडीच्या जुवावर बसले होते, ते म्हणाले, "झालं का बे तुयं विमान?"

तर मंडळी, आजची पोस्ट या चार मिनिटांवर. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीला घरी गेलो होतो. घर म्हणजे केळापूर, जिल्हा यवतमाळ. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, बाजार, बस स्टँड सगळं पांढरकवड्याला. त्यामुळे हैदराबादच्या हापिसात कुणी गाव विचारलं की मी पांढरकवडा सांगतो, आणि तेही कुणाला माहीत नसतं. मग "नागपूर हायवेला, टिपेश्वरचं जंगल आहे ना, तिथे" म्हटलं की वाघ बघून आलेला एखादा तरी निघतो.

या वेळी गाडीच्या डिकीत एक पॅरामोटर होता. पॅराग्लायडर तुम्हाला माहीत असेल, तो कापडी पंख. डोंगरावरून पळत सुटायचं आणि तरंगायचं. पाठीवर पिंजऱ्यातला पंखा आणि छोटं इंजिन बांधलं की डोंगराची गरज उरत नाही, सपाट जमिनीवरूनही वर जाता येतं. तो पॅरामोटर. माझ्या एका मित्राचा आहे. त्याला कंपनीने दोन वर्षांसाठी बाहेर पाठवलं, फ्लॅट सोडावा लागला, आणि सामान ठेवायला जागा असलेला त्याच्या ओळखीतला माणूस मी. "तुझ्या गावी शेड आहे ना? तिथे ठेव. मधूनमधून इंजिन चालवत जा फक्त." उडवायचा प्रश्नच नव्हता. त्याला परवानग्या लागतात, आणि मुख्य म्हणजे मला येत नाही. जमिनीवर घट्ट बांधून पाच-दहा मिनिटं इंजिन फिरवायचं, बस.

घट्ट बांधायला काकांनी बंडी दिली. (आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, पुणेकरांसाठी टीप.) चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पिंजरा दोराने आवळला. काका सगळं बघत होते.

"याच्यात पेट्रोल कोनतं टाकते?"

"आपलंच, पंपावरचं. टू-टी ऑइल मिसळून."

"मंग त हे फवारनीच्या पंपावानीच झालं."

तसंच आहे. पाठीवर घेऊन कपाशीवर फवारतात त्या पंपात आणि या पॅरामोटरमध्ये इंजिनाची जात एकच, टू-स्ट्रोक. एकाला नळी लावली, दुसऱ्याला पंखा.

काका असं विचारतील हे मला अपेक्षित होतं, कारण हाच प्रश्न त्यांनी २०१८ मध्येही विचारला होता. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आमच्या भागात टी-१ वाघिणीचा, म्हणजे पेपरवाल्यांच्या अवनीचा, शोध चालू होता. पांढरकवडा आणि राळेगावच्या जंगलपट्ट्यातल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर आणि तिच्या बछड्यांसोबतच्या वावरावर होता. लोक शेतात जायला घाबरत होते. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्री, अगदी विदेशी अत्तरसुद्धा आणलं होतं तिला ओढायला. आणि पॅराग्लायडर. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली आणि त्यावर देशभर वाद झाला, तो वेगळा विषय. पण त्या दिवसांत चहाच्या टपरीवर एकच गप्पा, की माणूस पाठीवर इंजिन बांधून उडतो म्हणे. मी स्वतः काही पाहिलं नाही. काकांनी मात्र तेव्हाही विचारलं होतं, "पेट्रोल कोनतं लागते त्याले?" टपरीवरचा एक जण म्हणाला, "आपल्या पांढरकवड्याच्या पंपावरचं." सगळे हसले. विमानाचं पेट्रोल म्हणजे काहीतरी भारी, वेगळं, असं सगळ्यांच्या डोक्यात असतं ना.

खरं सांगायचं तर उत्तर बरोबर होतं. निदान तेव्हा.

आता जरा मागे जाऊ. विमान जन्माला आलं तेव्हा विमानाचं असं वेगळं पेट्रोल नव्हतंच. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान जुहूला आणलं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. ते बर्मा शेलचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने धावपट्टीवर आलं होतं. टाटांच्या हवाई टपालाची सुरुवात अशी बंडीवरून झाली. (काकांना हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या बंडीकडे जरा आदराने पाहिलं.)

मग इंजिनं ताकदवान होत गेली आणि ऑक्टेनची भानगड सुरू झाली. पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते, मग ते जळतं. जास्त दाबलं तर त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. पण हलकं पेट्रोल फार दाबलं तर ते शिस्तीत न जळता फटकन पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर चुकीच्या गिअरमध्ये जुनी मोटरसायकल जी खटखट करते, तीच. मोटरसायकल ते सहन करते. विमानाचं इंजिन टेकऑफला पूर्ण ताकदीवर मिनिटामागून मिनिट चालतं, तिथे याच नॉकिंगने पिस्टनला भोक पडू शकतं. ऑक्टेन नंबर म्हणजे पेट्रोल किती दाब शिस्तीत सहन करतं त्याचा आकडा.

हा आकडा वाढवायचा स्वस्त उपाय १९२१ मध्ये अमेरिकेत सापडला. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिसं. चिमूटभर घातलं की काम झालं. दुसऱ्या महायुद्धात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल विमानांना मिळालं त्यात याचा मोठा हात होता. पुढे मोठी विमानं जेट झाली, रॉकेलच्या जातीचं इंधन पिऊ लागली. छोटी पिस्टनची विमानं मात्र तिथेच राहिली. त्यांचं आजचं इंधन म्हणजे अ‍ॅवगॅस १०० एलएल. निळ्या रंगाचं असतं. यातल्या एलएलचा अर्थ 'लो लेड', कमी शिसं. कमी म्हणजे लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत! भारतात गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार झालं. माझ्या वयाच्या लोकांना शिसेवालं पेट्रोल आठवतही नाही. आणि डोक्यावरून जाणारं सेसना ते अजून जाळतंय.

हे मला कळलं ते विमानतळावर नाही, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. २०२३ ला आठ महिने ऑनसाइट होतो, सॅन होजेला. शनिवार-रविवार डोक्यावर छोट्या विमानांच्या घिरट्या चालू. जवळच रीड-हिलव्ह्यू नावाचा छोटा विमानतळ. लाँड्रीच्या खोलीत भेटणाऱ्या एका शेजाऱ्याने सांगितलं, की या विमानतळाच्या आसपासच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं होतं. मी घरी येऊन वाचलं. सांता क्लारा काउंटीने करून घेतलेला तो अभ्यास २०२१ मध्ये आला. विमानतळाच्या अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात लांबच्या मुलांपेक्षा जास्त शिसं सापडलं, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांत आणखी जास्त. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने तिथे शिसेवालं अ‍ॅवगॅस विकणं बंद केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अधिकृतपणे म्हटलं की पिस्टन विमानांच्या धुरातलं शिसं लोकांच्या आरोग्याला धोका आहे.

सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध, जिथे आपण सगळे 'लिगसी कोड काढा' म्हणून मीटिंगा घेतो, तिथे हवेत शंभर वर्षांपूर्वीचा लिगसी कोड उडत होता.

मग पंपावरचं बिनशिशाचं पेट्रोल का नाही टाकत? टाकतात की! अमेरिकेत हौशी वैमानिकांची एक मोठी संघटना आहे, ईएए. तिने कित्येक तास चाचण्या घेऊन १९८२ मध्ये सेसना १५० साठी गाडीच्या पेट्रोलची सरकारी मंजुरी मिळवली. सेसना १५० चं इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं, दाब कमी, मुळात ८० ऑक्टेनच्या जुन्या अ‍ॅवगॅससाठी बनवलेलं. ते जुनं पेट्रोल बाजारातून गायब होत होतं आणि १०० एलएलमध्ये त्याच्यापेक्षा शिसं जास्त, म्हणजे या बिचाऱ्या इंजिनाला नको असताना जास्तीचं औषध. प्लगवर शिशाचे गोळे जमायचे. पुढे अशी मंजुरी हजारो विमानांना मिळाली. फक्त त्यात एक अट होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल नको. ही अट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे भेटणार आहे.

छोटी, नवीन इंजिनं तर पंपाच्या पेट्रोलसाठीच बनतात. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. भारताने २०१५ मध्ये हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी १९४ पिपिस्ट्रेल मायक्रोलाइट विमानं मागवली, त्यात हेच इंजिन आहे. याच्या ८० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ९० ऑक्टेनचं साधं पेट्रोल पुरतं. शंभर हॉर्सपॉवरच्याला ९५ लागतं. उलट अ‍ॅवगॅस सतत वापरलं तर शिशाचा गाळ साचतो आणि ऑइल लवकर बदलावं लागतं. म्हणजे इथे पंपावरचं पेट्रोल ही गरिबाची तडजोड नव्हती, तेच योग्य इंधन होतं.

आपल्याकडे तर कारण आणखी साधं होतं. अ‍ॅवगॅस कित्येक वर्षं आयात व्हायचं. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं अ‍ॅवगॅस बाजारात आणलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातून पापुआ न्यू गिनीला निर्यातही केलं. चांगलीच गोष्ट. पण ते फ्लाइंग स्कूलच्या विमानतळांवर मिळतं, केळापूरला नाही. केळापूरला पंप आहे.

तर या सगळ्या ज्ञानाचा गठ्ठा डोक्यात घेऊन मी त्या दिवशी बंडीजवळ उभा होतो. आणि इंजिन बंद.

काका उठले. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "कोनत्या डबकीतलं टाकलं?"

"शेडमधल्या. निळ्या."

"ते त जूनमधलं होय ना बाप्पा! म्या तुले मनलं होतं, ताजं आन."

म्हणाले होते, खरं आहे. पण पांढरकवड्याला जायचा कंटाळा आला. डबकीत तीन-चार लिटर होतं, झाकण नीट लागत नव्हतं आणि शेडचं पत्र्याचं छप्पर पावसाळ्यात गळतं. हे सगळं मला दिसत होतं. मला वाटलं पेट्रोल ते पेट्रोल. थोडं पाणी गेलं असेल तर तळाशी थेंब दिसतील. घाईघाईत नीट बघितलं नाही. गाळणीचं नरसाळं घरात होतं, तेही घेतलं नाही.

काकांनी डबकीतलं उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि उन्हात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळा थर. थेंब नव्हे, चांगला बोटभर थर. "एवढं पानी कुठून आलं?" मी विचारलं.

"एवढं पानी नाई आलं. पानी थोडंसंच आलं. थांब."

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आत जाऊन क्वार्टरची रिकामी बाटली आणली. तळाशी बोटभर पाणी घातलं आणि पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारली. मग स्वतःच्या मोटरसायकलच्या टाकीतून नळीने ताजं पेट्रोल काढून बाटली गळ्यापर्यंत भरली. बूच लावून हलवली, बंडीवर ठेवली. दोन मिनिटं आम्ही गप बसलो.

पाण्याची पातळी रेघेच्या वर चढली होती. थोडीथोडकी नाही, बोटभर तरी. पाणी कुणी घातलेलं नाही आणि पाणी वाढलं!

"आता समजलं? पेट्रोलमधली दारू खाली उतरते, पान्यात."

दारू म्हणजे इथेनॉल. उसाचा, मक्याचा, तांदळाचा अल्कोहोल. त्याला पाण्याची ओढ पेट्रोलपेक्षा जास्त. साध्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी गेलं तर ते तळाशी वेगळं बसतं, काढून टाकता येतं. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी आधी स्वतःत विरघळवून घेतं, दिसतच नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं. मग वाटीभर पाण्याचं दोन-अडीच वाट्या पाणचट दारू होते. इंजिन ओढतं ते तळातूनच. माझ्या इंजिनाने चार मिनिटं नळीतलं आणि कार्बोरेटरमधलं चांगलं पेट्रोल जाळलं आणि मग एक घोट दारूपाणी प्यायलं. वरचं जे पेट्रोल उरलं, त्यातलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही घसरलेला. दोन्ही बाजूंनी मार.

आकाशात हेच आणखी सोपं होतं. वर हवा थंड असते, आणि थंडीत हे मिश्रण कमी पाणी धरून ठेवू शकतं. जमिनीवर स्वच्छ दिसलेलं पेट्रोल वर जाऊन फुटू शकतं. विमान सुरू करण्याआधी वैमानिक टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी बघतो. विरघळलेलं पाणी त्या नमुन्यात दिसणार नाही.

याशिवाय रबर. काका म्हणाले, दोन-तीन वर्षांपासून फवारणीच्या पंपाच्या कार्बोरेटरमधली पडदी लवकर कडक होते, नळ्या फुगतात. म्हणून ते काम संपलं की रोज संध्याकाळी टाकी रिकामी करतात आणि इंजिन कोरडं होईपर्यंत चालवतात. मी वाचून जे कळवून घेतलं होतं ते त्यांना हाताने माहीत होतं.

आणि उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अ‍ॅवगॅसची वाफ होण्याची ओढ ठरावीक पट्ट्यात बांधलेली असते, ३८ ते ४९ किलोपास्कल. गाडीचं पेट्रोल त्याहून जास्त उडून जाणारं असतं, कारण गाडीला सकाळी पटकन सुरू व्हायचं असतं. उन्हात तापलेल्या टाकीतून, गरम इंजिनाशेजारच्या नळीतून जाताना आणि वर कमी होत जाणाऱ्या हवेच्या दाबात नळीतच वाफेचा बुडबुडा होतो. पेट्रोल टाकीत आहे, इंजिनाला मिळत नाही. इथेनॉल नसलं तरी हा धोका आहेच. विदर्भातल्या दुपारी तर जास्तच.

आता मूळ मुद्दा. रोटॅक्सने आपल्या इंजिनांसाठी इथेनॉलची मर्यादा १० टक्के ठेवली आहे. भारतात जून २०२२ मध्ये आपण १० टक्के गाठले. तोपर्यंत ठीक होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये ते देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. त्यामागची कारणं मला पटतात. तेलाची आयात कमी, ऊसवाल्याला पैसे, आणि ऑक्टेन तर उलट वाढला, ९१ चा ९५ झाला. ऑक्टेनच बघाल तर आजचं पेट्रोल विमानाला आधीपेक्षा चांगलं आहे! पण टपरीवरचं ते उत्तर, "आपल्या पांढरकवड्याच्या पंपावरचं", २०१८ मध्ये बरोबर होतं आणि आज चुकीचं आहे. मधल्या काळात पंप तोच, नोझल तेच, पाटीवर नाव तेच, पेट्रोल.

आपल्या भाषेत सांगतो. अ‍ॅवगॅस म्हणजे व्हर्जन पिन केलेली लायब्ररी. काय आहे ते लिहिलेलं आहे, रंगसुद्धा ठरलेला, बॅच तपासलेली, आणि जगात कुठेही घेतलं तरी तेच. पंपाचं पेट्रोल म्हणजे 'लेटेस्ट'. सरकार, रिफायनरी, हंगाम, उसाचं पीक, सगळ्यांप्रमाणे बदलत राहणार. बदललेलं तुम्हाला कुणी कळवणार नाही. गाडीसाठी हे चालतं, कारण गाडी बंद पडली तर आपण ती बाजूला घेतो आणि शिव्या देतो. पॅरामोटरचंही त्या मानाने बरं, इंजिन गेलं तरी डोक्यावर पॅराग्लायडर आहे, तरंगत उतरता येतं. पण मायक्रोलाइट टेकऑफनंतर दोनशे फुटांवर असताना समोर कपाशी, विजेच्या तारा आणि हायवे असेल तर? हातात काही सेकंद असतात.

पिन करून बसणं हेच मग शहाणपण का? तसंही नाही, आणि इथेच माझी गोची होते. पिन केलेल्या व्हर्जनमध्ये शिसं तसंच राहिलं, पंचवीस-तीस वर्षं जास्त, कारण बदलायला सगळे घाबरत होते. ती भीती खोटी नव्हती. पण किंमत विमानतळाशेजारच्या मुलांनी दिली. एका बाजूला काहीच न बदलल्याची चूक आहे, दुसऱ्या बाजूला न सांगता बदलण्याची. दोन्हीकडे टाकीत काय आहे हे ज्याच्या अंगावर येणार त्याला कुणी विचारलं नाही.

आमच्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही खरं तर. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. डब्यातली मिश्रणं काय होती, किती जहाल होती, हे फवारणाऱ्याला कुठे नीट माहीत होतं? काका तेव्हापासून प्रत्येक डबकीवर मार्करने लिहितात, काय आहे आणि कधी आणलं. निळ्या डबकीवरही लिहिलेलं होतं. 'पेट्रोल, जून.' मी वाचलं नाही, एवढंच.

पर्याय आहेत. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेलं एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इथेनॉलशिवाय येतं असं कंपनी सांगते. पण ते निवडक शहरांत आणि महाग. फ्लाइंग स्कूलवाले तर पेट्रोलच सोडून चाललेत. शेजारी अमरावतीला बेलोऱ्याच्या अकादमीसाठी एअर इंडियाने २०२४ मध्ये ३४ शिकाऊ विमानं मागवली, ती पिस्टनचीच, पण जेटचं इंधन पिणारी, डिझेलच्या जातीची. अमेरिकेत २०२२ मध्ये बिनशिशाच्या शंभर ऑक्टेनला मंजुरी मिळाली आणि २०३० च्या शेवटापर्यंत शिसं काढायचं ठरलंय. यातलं कुठलंही केळापूरला लगेच येणार नाही. क्वार्टरच्या बाटलीची चाचणी मात्र आजच येते आणि फुकट आहे. ज्यांच्याकडे पॅरामोटर, चेनसॉ, जनरेटर किंवा बाबांची जुनी यझदी आहे त्यांनी करून बघा. मोकळ्या हवेत, विडी-काडी लांब ठेवून.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन उघडलं. काकांनी कार्बोरेटर सुटा करून सुकवला, मी नळ्या बदलल्या. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून कळवलं, चूक माझी हेही. त्याचं उत्तर आलं, "बरं झालं बंडीला बांधलेलं होतं." मी ते तीनदा वाचलं. कारण शेवटचं तो हवेत असताना त्याने कोणतं पेट्रोल भरलं होतं हे मी त्याला विचारलं, आणि त्याला आठवत नव्हतं. "पंपावरचं" म्हणाला.

संध्याकाळी ताजं पेट्रोल आणून पुन्हा इंजिन लावलं. ताजं म्हणजे तेही २० टक्केवालंच, दुसरं होतं कुठे? जमिनीवर दहा मिनिटं चालवायला ते पुरतं. दहा मिनिटं छान चाललं. मग टाकी रिकामी केली, इंजिन कोरडं होईपर्यंत फिरवलं आणि शेडमध्ये झाकून ठेवलं. निघताना काकांनी त्याच्या टाकीवर चिकटपट्टी लावली आणि मार्करने तीन शब्द लिहिले.

'टाकी रिकामी, दिवाळी.'

मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली. 'उडू नये.'